डबा अजून ७०४ मध्येच

४ नोव्हें., मंगळ.

वाटी परत आली. रिकामी. घासूनपुसून लखलखीत, पण रिकामी. समोरच्या ७०४ मधली शर्वरी स्वतः घेऊन आली, "थँक यू हं, छान होतं" म्हणाली आणि गेली. मी घरी भाजून दळलेलं मेतकूट दिलं होतं त्यातून. बदल्यात चिमूटभर साखर टाकायला काय जातं हिचं?

दुपारी सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर, 'चूल आणि चव'वर, लिहिलं. नाव न घेता. "आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आणि करणाऱ्याला काही म्हणतही नाहीत, मनात ठेवतात." ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मंदाताईंनी हसणारं तोंड टाकलं. त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिन, मूळच्या मोशीच्याच, ही सोसायटी उभी राहिली ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. त्यांना सगळं आधीच कळतं.

६ नोव्हें., गुरु.

दाराशी शर्वरी. हातात काचेचा डबा, प्लॅस्टिकच्या झाकणाचा. "त्या दिवशीचं राहिलं होतं ना," म्हणे. म्हणजे वाचलं तर. आत क्रेप. घडी घातलेले, मधे चॉकलेट. नवऱ्याला चाकणच्या कंपनीने दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं, तिथे शिकली. जर्मनीत राहून फ्रान्सचं धिरडं!

खाल्लं एक. मऊ होतं. ह्यांनी तीन खाल्ली आणि म्हणाले, "चांगलं करती की पोरगी." लातूर सोडून वीस वर्षं झाली, पण ह्यांची जीभ गोड दिसलं की पाघळते.

भांडं भरून कसं द्यायचं असतं ते आता दाखवते.

७ नोव्हें., शुक्र.

काचेच्या डब्यात थालीपिठाची भाजणी भरली. त्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण सकाळी धपाटे केले होते, गरम होते, आणि धपाटे मऊ राहतात ते आईच्याच डब्यात. जाड बुडाचा, एका बाजूला पोचा आलेला, बाहेरून नाव कोरलेलं, 'इंदूस आत्याकडून, लग्नानिमित्त'. इंदू म्हणजे आई. तोही भरला. नाव तिच्याकडे येईल असा धरून दिला. पाहू दे की भांड्यांना नाव असायचं एके काळी.

"अय्या, किती जुना!" म्हणाली.

जुना. आई गेल्यावर राजगुरुनगरला दादाकडे गेले तेव्हा वहिनीने आईची सगळी भांडी मोडीत घालून नॉनस्टिकचा संच घेतलेला होता. हा डबा वाचला, कारण त्यात खिळे होते. खिळे मी तिथेच ओट्यावर ओतले आणि डबा पिशवीत घातला. एवढंच आलं माझ्याकडे आईचं.

९ नोव्हें., रवि.

ग्रुपवर शर्वरीचा फोटो. क्रेपचा मनोरा, वर पुदिन्याचं पान, बाजूला मेणबत्ती. दिवसा मेणबत्ती! खाली बदामांचा पाऊस. जिला उभ्या जन्मात चपाती गोल लाटता आली नाही ती बी विंगची सेक्रेटरीणसुद्धा 'वॉव'.

मी लिहिलं, "छान. आमच्याकडे याला मैद्याचं धिरडं म्हणतात. आजारी माणसाला देत नाहीत, एवढंच."

खरं तेच लिहिलं.

तिचं उत्तर आलं, "हो का काकू! 😊"

काकू. माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान असेल. भाजीवाला मला ताई म्हणतो.

१३ नोव्हें., गुरु.

डबा आला नाही. आठवडा होत आला. धपाटे काय मुरवत ठेवलेत?

लिफ्टमध्ये भेटली. मी वर आकड्यांकडे पाहत राहिले, ती फोनकडे. सातवा मजला यायला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

१४ नोव्हें., शुक्र.

आळंदीची यात्रा, रस्ते वळवलेले, हे निघोज्याच्या कंपनीतून उशिरा आले. आल्या आल्या डब्याचं सांगितलं. म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायलीस? चिंचवडात दुसरा बघू की. त्याहून चांगला मिळंल."

आज बोलले नाही ह्यांच्याशी. उद्याही बोलणार नाही.

१६ नोव्हें., रवि.

मंदाताईंना गाठलं, खाली बाकावर. म्हटलं, तुमचं ऐकते ती, जरा डब्याचं काढा. लगेच फोन लावला त्यांनी, माझ्यासमोर. नुसतं "व्हय... व्हय... आगं पर..." ऐकू येत होतं. मग फोन ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. हसू पुसत होत्या, मला कळलं.

"आता कसं सांगू सुनंदा तुला. ती म्हणती, रिकामं भांडं द्यायचं न्हाई हे मला काकूंनीच शिकिवलं, सगळ्या ग्रुपात. तर रिकामा मी देणार न्हाई. आन भरून द्यायचं तर माझ्या हातचं धिरडं आजाऱ्याला बी चालत न्हाई म्हणत्यात. मग देऊ तरी काय? ऱ्हाऊ दे म्हणती डबा."

राहू दे! माझ्या आईचा डबा, आणि राहू दे म्हणे!

म्हटलं, मंदाताई, तिला सांगा रिकामा दे. मी चालवून घेते.

"सांगितलं की मी ते बी. ती म्हणती, तसं काकूंनी ग्रुपात लिहावं. जिथं शिकिवलं तिथंच."

तेवढं नाही लिहिणार. जीव गेला तरी नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

पेपरवाल्याचे पैसे द्यायला दार उघडलं, तर समोरचंही उघडं. नको म्हणताना नजर गेली. फ्रिजवर डबा. माझा. झाकण बाजूला काढून ठेवलेलं आणि आत तिच्या मुलीचे रंगीत खडू.

दार इतक्या जोरात लावलं की देव्हाऱ्यातली घंटा हलली. रडू आलं, रागाचं. आधी खिळे, आता खडू. माझ्या आईने त्यात आमचे वाढदिवस केले.

२० नोव्हें., गुरु.

मंदाताईंनी ग्रुपवर जाहीर केलं. ३० तारखेला, रविवारी, क्लब हाउसमध्ये 'जुनं ते सोनं'. आपण लहान असताना घरी जे 'स्पेशल' म्हणून व्हायचं ते प्रत्येकीने करून आणायचं. लगेच झुंबड. कुणी रशियन सॅलड, कुणी ब्रेडचे रोल, कुणी कस्टर्डमध्ये बुडवलेली बिस्किटं, कुणी बिस्किटावर चीज आणि त्यावर डाळिंबाचा एकच दाणा. वाचताना मलाही हसू आलं. सगळ्यांच्या आया एकच मासिक वाचत होत्या बहुतेक.

शर्वरीने काही लिहिलं नाही.

मी काय करणार हे मला वाचता वाचताच कळलं. आईचा वाळूतला केक. घरात ओव्हन नव्हता, कुणाच्याच नव्हता. आई कुकरची शिट्टी आणि रबर काढायची, तळाला चाळलेली वाळू घालायची आणि त्यावर तो डबा. वास सुटला की गल्लीतली पोरं आमच्या दाराशी उगाच रेंगाळायची. डब्याच्या पोच्यामुळे केकला एका बाजूला खळी पडायची. आमच्या सगळ्या वाढदिवसांच्या फोटोंत केक असा आहे, उंदराने आधीच चाखल्यासारखा. खळीचा तुकडा ज्याचा वाढदिवस त्याला.

पण तो केक त्या डब्यातच होतो.

२१ नोव्हें., शुक्र.

ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. आईचा केक, वाळू, पोचा, खळी, सगळं. शेवटी, "करायची फार इच्छा आहे. पण डबा सध्या माझ्याकडे नाही. कुणाकडे तरी अडकला आहे. मिळाला तर करीन." बघू आता किती जाड कातडी आहे.

बायकांनी कृती मागितली. दिली. सगळी नाही. आई दह्यावरची आंबट साय घालायची, मी तिथे नुसतं 'दूध' लिहिलं. कृती देताना एक गोष्ट हातची राखायची, हे बायका आईच्या पोटातून शिकून येतात. मंदाताईंच्या काळ्या मसाल्यात काय काय पडतं ते त्यांच्या सुनेलासुद्धा माहीत नाही.

ह्यांनी वाचलं. म्हणाले, "तू तिला मुद्दाम टोचायलीस." मग?

२२ नोव्हें., शनि.

बदाम बदाम बदाम. "किती हृदयस्पर्शी." डबा नाही.

२४ नोव्हें., सोम.

गेले शेवटी. बेल वाजवली. तिने दार अर्धं उघडलं.

म्हटलं, "डबा द्या."

"रिकामा?"

"हो."

"तुमच्यात चालत नाही ना?"

"माझ्या आईचा आहे तो. त्यात खडू ठेवलेत तुम्ही."

तिचा चेहरा जरा उतरला. जराच. मग म्हणाली, "काकू, मी तुमच्या घरी पहिल्यांदा काहीतरी करून आणलं होतं. तुम्ही ते चाळीस बायकांसमोर आजाऱ्याला चालत नाही म्हणालात. आई तुम्हालाच असते का? माझ्या सासूबाई तो ग्रुप वाचतात. नाशिकहून फोन आला मला, काय गं, शेजारीण काय म्हणते तुझ्या हाताला."

मला काय माहीत हिची सासू ग्रुपमध्ये आहे! नाशिकला राहून मोशीच्या ग्रुपमध्ये काय काम?

मी म्हटलं, "डब्याचा नि त्याचा काय संबंध?"

"काही नाही," म्हणाली. "भरला की देईन." आणि दार लावलं. हळूच लावलं, तेच जास्त लागलं.

२६ नोव्हें., बुध.

तिच्या नाकावर टिच्चून करायचाच. डबा गेला उडत. बाजूच्या इमारतीचं काम चालू आहे, तिथून पिशवीभर वाळू आणली. वॉचमन विचारत होता, "काय भाभी, बांधकाम काढलं का?" म्हटलं, हो, चूल बांधतेय. चाळली, धुतली, गच्चीत वाळवली. साय फ्रिजमधून काढून ठेवली, आंबट व्हायला.

२८ नोव्हें., शुक्र.

केला. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात. रवा तोच, साय तशीच, वेलची-जायफळ आईच्या अंदाजाने. वासही सुटला होता, म्हणून जीव भांड्यात पडला होता. उलटा केला तर कडा करपलेल्या आणि मधे कच्चा लगदा.

ह्यांनी चमच्याने खाल्ला, शिऱ्यासारखा. "चव चांगली हाय." भांडं पातळ, दुसरं काय. आईचा डबा असता तर झाला असता. सरळ आहे.

२९ नोव्हें., शनि.

पुन्हा केला, आच बारीक करून. पुन्हा तेच. या वेळी कडाही नीट नाहीत.

फेकून दिला. उद्या काय नेऊ? मेथीच्या पुऱ्या. मेथीच्या पुऱ्यांत रेट्रो काय, विचारलं कुणी तर सांगेन, मी.

३० नोव्हें., रवि.

लिहायला बसलेय. क्रमाने लिहिते.

क्लब हाउसमध्ये टेबलं लावलेली. सॅलड, रोल, बिस्किटं, सगळं जागच्या जागी. मी पुऱ्या ठेवल्या. शर्वरी सगळ्यात शेवटी आली. हातात आईचा डबा. सरळ माझ्यासमोर ठेवला, नाव माझ्याकडे करून. मी दिला होता तसाच.

"भरलाय," म्हणाली. "घ्या."

आत केक. फुललेला, वरून तपकिरी, मधे बारीक चीर. मंदाताईंनी ताटात उपडा केला तर तो अख्खा निघाला, आणि एका बाजूला खळी.

इतक्या वर्षांत ती खळी फोटोत सोडून कुठे पाहिली नव्हती.

बायकांनी टाळ्या वाजवल्या! म्हणे किती छान, दोघींनी मिळून केलं. मिळून! मंदाताई म्हणाल्या, "सुनंदा, तू काप, तुज्या आईचा हाय." सुरी हातात दिली. मी कापला. खळीचा भाग सोडून कापला. बाकीच्यांना दिला, मग एक घास स्वतः खाल्ला. आंबटसर. मऊ. जायफळ मागून येणारं. आईचा होता. माझा झाला नाही, आणि हिचा झाला. सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं वेलची घशात गेली.

मग बाजूला घेऊन विचारलं तिला, साय कुठून कळली? मी तर दूध लिहिलं होतं.

"सोडा लिहिला होतात ना. नुसत्या दुधाने सोडा फुलणार कसा? आंबट काहीतरी हवंच. ते तुम्ही लिहायचं टाळलंत, एवढं कळतं मला." मग म्हणाली, "दोनदा बिघडला. तिसऱ्यांदा झाला. आच नाही, वाळू जास्त लागते, डबा अर्धा पुरला पाहिजे त्यात."

अर्धा पुरायचा. आई तसंच करायची. मी तिच्या शेजारी पाटावर बसून बघायची आणि मला ते आठवलं नाही. शर्वरीला तर कुणी सांगितलंही नव्हतं.

"झाकण?" मी विचारलं.

"घरी राहिलं. केकला झाकण लागत नाही ना, काकू."

चांगुलपणाने केलं की मला सगळ्यांदेखत जमिनीवर आणायला केलं, कळत नाही. माझा अंदाज, दोन्ही. मला तरी सायीची गोष्ट झोंबलीय. आणि राग यायला हवा तेवढा येत नाहीय, त्याचाही राग येतोय.

१ डिसें., सोम.

डबा घरी. खळीचा तुकडा आत तसाच. वर ताटली झाकलीय. हे सकाळी हात घालायला गेले, मी ओरडले.

घासला नाही अजून. आतून खडूचा वास गेलाय, पण बाहेर 'आत्याकडून'च्या खाली निळी रेघ राहिलीय. नखाने काढली तर निघेल.

२ डिसें., मंगळ.

मंदाताई आल्या होत्या. झाकणाचं विचारलं त्यांना, झाकण रिकामं परत आलं तर चालतं का? "झाकणाला कसलं आलंय रिकामं न् भरलं! तुमा दोघींला काय काम न्हाई का गं?" चहा पिऊन गेल्या. जाताना, "लई गुणाची हाय ती, तुज्यावानीच खवाट." हे कौतुक कुणाचं, विचारायचं राहिलं.

३ डिसें., बुध.

तुकडा सुकायला लागला म्हणून शेवटी खाल्ला. एकटीने, ओट्याशी उभ्याने. वाढदिवस कुणाचाच नव्हता.

डबा घासला, पुसला. कट्ट्यावर ठेवला. हे स्वतःचा जेवणाचा डबा भरायला आले, पाहिलं, म्हणाले, "आता आला की डबा. कर की मग तुझ्या हातचा. रविवारी कर."

म्हटलं, झाकण नाही.

"केकला झाकण कशाला लागतंय?"

ह्यांची बस चुकायची वेळ झाली होती, गेले.

सगळं आहे. डबा आहे, वाळू आहे, अर्धा पुरायचा हेही आता माहीत आहे. साय कालपासून बाहेर आहे. आणि तरी झाला नाही तर? मग भांडं पातळ होतं असं कुणाला सांगू? आणि पुढे कधी आईचा केक खावासा वाटला तर कुणाचं दार वाजवू?

साय परत फ्रिजमध्ये ठेवली.

दुपारी शर्वरीचा मेसेज. ग्रुपवर नाही, मला एकटीला. "झाकण आणून देऊ का आत्ता? रिकामंच देते, चालेल ना?"

मग लिहिलं, "घाई नाही. राहू दे तुझ्याकडे."

पाठवल्यावर पाहिलं, 'तुमच्याकडे'च्या जागी 'तुझ्याकडे' लिहिलं गेलं होतं. तिने वाचलंय.